एकतीस नंबरचा दिवा

१

डॉक्टर गवाणकरांकडे मी चार वर्षं कामाला होते. डोळ्यांचा दवाखाना, झाडगावात. रस्त्याकडची खोली पेशंटना बसायला, मधली तपासायची आणि मागची अंधाराची. मागच्या खोलीला एकच खिडकी होती, तिच्या काचांवर डॉक्टरांनी काळा कागद डकवून घेतला होता. बाहेर सकाळचे अकरा वाजलेले असायचे, ऊन तापलेलं असायचं, मासळीवाली 'बांगडे घ्या गो' म्हणत जायची, आणि आत आम्ही एका मंद दिव्यात बसलेलो असायचो.

त्या खोलीत डॉक्टरांचं भांडं होतं. आम्ही त्याला भांडंच म्हणायचो. अर्धगोल, माणसाचं डोकं आत मावेल एवढं. गणपतीची शाळा चालवणाऱ्या एका मूर्तिकाराकडून त्यांनी ते कागदाच्या लगद्याचं करून घेतलं होतं आणि आतून पांढरंशुभ्र रंगवलं होतं. त्यात अठ्ठेचाळीस भोकं पाडून टॉर्चमधले बारीक बल्ब बसवले होते. मधोमध एक मोठं भोक आणि त्यामागे जमीन मोजणाऱ्यांची जुनी दुर्बीण. एका डोळ्यावर कापडी पट्टी बांधून पेशंटनं लाकडी पट्टीवर हनुवटी टेकायची आणि दुसऱ्या डोळ्यानं मधल्या भोकाकडे बघत राहायचं. डॉक्टर त्याच्या पाठीमागे, मांडीवर बटणांची पाटी घेऊन. मी भांड्याच्या पलीकडे, दुर्बिणीला डोळा लावून.

डोळ्यावर उजेड पडला की बाहुली आकसते, हे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांचं म्हणणं असं, की नजरेच्या घेरात जिथं माणसाला दिसत नाही, तिथं बारीकसा दिवा लागला तर बाहुली हलत नाही, निदान हलायची तेवढी हलत नाही. काचबिंदूच्या म्हाताऱ्या बायकांना 'दिवा दिसला की सांगा' म्हटलं तर त्या गोंधळतात. काही माणसं लाजेनं 'दिसला' म्हणतात, काही भीतीनं. "माणूस खोटं बोलेल, विमल," डॉक्टर म्हणायचे, "बाहुली बोलणार नाही."

ते नंबर पुकारायचे आणि एक दिवा क्षणभर लावायचे. मला बल्ब दिसत नसत. मला दिसे फक्त एक डोळा, बशीएवढा मोठा झालेला, आणि त्यातली काळी बाहुली. ती आकसली तर मी म्हणायचं 'आली'. नाहीतर 'नाही'. दिवसाला तीन-चार पेशंट. आली, आली, नाही, आली. कंटाळा यावा असं काम होतं.

२

शहाऐंशी सालची गोष्ट. शिमगा होऊन गेला होता, आंबा अजून बाजारात यायचा होता. एका शुक्रवारी हातखंब्याहून लवू गोताड आणि त्याची बायको राही आली. लवूचा स्वतःचा ट्रक होता. बंदरातून बर्फात भरलेली मासळी घेऊन तो मुंबईला जायचा. चाळिशीचा, दांडगा माणूस. दवाखान्यात आल्याचाच त्याला राग आला होता.

"माज्या डोल्यांना काय झालाय?" तो मला म्हणाला. "ही उगाच माज्या मागं लागलीय."

राही हळू बोलायची. "डॉक्टर, ट्रकची डावी बाजू दोन म्हैन्यांत तीन वेला खरवडलीय. परवा पुलाचा कठडा घासलान. आनि जेवताना ताटातला डावीकडचा भात तसाच ठेवून उठतात. वर मलाच बोलतात, भात का वाडला नाय."

"रात्रंदिवस गाडी चालवतो. माणूस दमतो," लवू म्हणाला.

डॉक्टरांनी बोटं दाखवून पाहिली. लवू प्रत्येक वेळी 'दिसला' म्हणाला. एकदा डॉक्टरांनी बोट वर केलंच नाही, तरी 'दिसला' म्हणाला. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आत दिवा लाव."

उजवीकडचे चोवीस दिवे बिनचूक झाले. आली, आली, आली. डावीकडच्या वरच्या भागात बाहुली जेमतेम हलायची. पंचवीस, जरा आली. अठ्ठावीस, नाही. पुढचे डावीकडचे, खालच्या भागातले.

"एकतीस," डॉक्टर म्हणाले.

बाहुली आकसली.

"आली," मी म्हटलं.

डॉक्टर जरा थांबले. "बत्तीस."

"नाही."

"छत्तीस."

"आली."

पुन्हा ते थांबले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. "बेचाळीस," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला जरा कोरडा वाटला.

"आली," मी म्हटलं. ह्या वेळी बाहुली पहिल्या दोन वेळांपेक्षा जास्त लहान झाली होती.

३

लवू-राहीला सोमवारी यायला सांगून डॉक्टरांनी मला मधल्या खोलीत बोलावलं.

"विमल, तू अंदाजानं सांगतेस का?"

"नाही, डॉक्टर."

"मी मधूनमधून नुसता नंबर पुकारतो आणि दिवा लावत नाही. तुझी परीक्षा म्हणून. चार वर्षांत तू एकदाही चुकली नव्हतीस. आज एकतीस, छत्तीस, बेचाळीस, तिन्ही वेळा दिवा लावला नव्हता. तिन्ही वेळा तू 'आली' म्हणालीस."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मी शपथेवर सांगते म्हटलं. पण सांगतानाच माझ्या लक्षात आलं, की दिवा लागतो तेव्हा डोळ्याच्या काचेत एक बारीक ठिणगी चमकते. मी बाहुलीच्या कडेकडे बघत असते म्हणून तिकडे लक्ष जात नाही. त्या तीन वेळी ती ठिणगी नव्हती. बाहुली आकसली होती, पण उजेड नव्हता.

"बाहुली आपली आपणसुद्धा थोडी हलत असते," डॉक्टर शेवटी म्हणाले. त्यांचा राग ओसरला होता. "असेल तसंच काहीतरी."

मलाही ते पटलं. संध्याकाळी मिरजोळ्याला घरी जाताना एस.टी.त मला आठवलं, की दिव्यांचे नंबर बाहेरून आत येतात. एकतीस अगदी कडेला, छत्तीस त्याच्या आत, बेचाळीस नजरेच्या मध्याजवळ. मी विषय बदलावा तसं स्वतःशीच दुसरं काहीतरी बोलायला लागले.

४

सोमवारी आम्ही जागा बदलल्या. दुर्बिणीला डॉक्टर आणि बटणांची पाटी माझ्या मांडीवर. लवू हनुवटी टेकून बसला. मागून मला त्याची मान दिसत होती आणि शर्टाची घामानं ओली झालेली कॉलर.

मी नंबर पुकारत गेले. डॉक्टर माझ्यासारखंच 'आली', 'नाही' म्हणत गेले. मग मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "एकतीस," आणि बटण दाबलं नाही.

पलीकडे डॉक्टरांनी दुर्बीण पुन्हा नीट लावून पाहिली.

"विमल, वायर काढ."

मी बॅटरीची वायर काढली. आता एकही बल्ब लागणं शक्य नव्हतं.

"काढलीस?"

"हो."

भांड्यापलीकडून डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता. मग ते अगदी सावकाश बोलू लागले, शिकवताना बोलायचे तसे. पण ते मला शिकवत नव्हते, स्वतःला धीर देत होते. "उजेडानं बाहुली झटकन आकसते. ही तशी नाही आकसत. हळूहळू येतेय. बाहुली दोन कारणांनी लहान होते. एक उजेड. दुसरं, अगदी जवळचं काही बघताना. सुईत दोरा ओवताना होते तशी." मग ते म्हणाले, "त्यांच्या दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी काढ."

मी पुढे होऊन पट्टी काढली आणि मागे आले.

"दोन्ही डोळे आत वळलेत," डॉक्टर म्हणाले. "गोताड, तुम्ही कुठं बघताय?"

"तुमीच सांगितलाव ना, भोकाकडं. तितंच बघतोय."

"समोर काय दिसतंय?"

"तुमचा पांढरा घमेला. आनखी काय दिसनार?"

त्याचा आवाज अगदी साधा होता, थोडा वैतागलेला. त्यानं मान तसूभरही हलवली नव्हती. मग पलीकडे डॉक्टर एकदम 'अरे' म्हणाले. बाहुली एकाएकी मोठी झाली, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. माणूस घाबरला की होते तशी, डोळाभर. आणि लवू तर शांत बसला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुमी फुंकर मारताव काय?"

"मी? मी इकडे आहे."

"मग बाई मारतायत. डाव्या गालावर."

मी त्याच्यापासून चार हात मागे उभी होते. खिडकी बंद होती, पंखा नव्हता. मी दाराकडे धावले आणि मोठा दिवा लावला. लवू डोळे मिचकावत वळला आणि हसला. खोलीत आम्ही तिघंच होतो.

५

डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, की डाव्या बाजूची नजर गेली आहे, मुंबईला जाऊन डोक्याची तपासणी करावी लागेल आणि तोवर ट्रकला हात लावायचा नाही. लवू उठून उभा राहिला. "गाडी सोडू? आनि खाऊ काय? पोरांना काय घालू?" तो ओरडला, आणि मग एवढा मोठा माणूस खुर्चीत बसून रडायला लागला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

राही बाहेरच्या बाकावर होती. मी तिला पाणी दिलं.

"ताई, एक इचारू?" ती म्हणाली. "त्या खोलीत काय झाला?"

"काही नाही. डावीकडचं त्यांना दिसत नाही, एवढंच."

ती ग्लास हातात फिरवत राहिली. "मी दोन म्हैने ह्यांच्या डाव्या अंगाला निजत नाय."

"का?"

"तितं जागा नाय."

"म्हणजे खाट लहान आहे?"

"खाट मोटी हाय." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पन मी निजायला गेले ना, तर तितं जागा नाय. कसा सांगू तुमाला? हात लांब केला तर लागत काय नाय. पन जागा नाय."

मी तिला म्हटलं, तुमची झोप होत नाही, काळजीनं असं वाटतं. तिनं मान डोलावली. तिला ते पटलेलं नव्हतं, आणि मलाही.

६

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी टेबलावरची बोरिकची बाटली पाडली. ती त्यांच्या डाव्या हाताशी होती. नुसती पाडली असती तर मला काही वाटलं नसतं, पण नंतर तुकडे गोळा करताना ते डावीकडचे दोन मोठे तुकडे सोडून उठले. मी ते गुपचूप उचलले.

दुपारी साडेबाराला शेवटचा पेशंट गेल्यावर ते म्हणाले, "विमल, माझी नजर बघ."

"तुमची?"

"आता मोतीबिंदू काढताना हात चुकायला लागला तर लोकांचे डोळे जातील. बघून घेऊ. मला दिवा दिसला की मी बोटानं पट्टीवर टकटक करीन. तू नंबर पुकारू नकोस. बाहुली आली की नाही ते लिहून ठेव, मग जुळवू."

मी पाटी आणि वही घेऊन दुर्बिणीमागे बसले. त्यांनी हनुवटी टेकली. पन्नाशीचा डोळा, पिवळट झालेला, पण बाहुली छान मोठी. मी पहिलं बटण दाबलं. ठिणगी चमकली, बाहुली आकसली, टक. दुसरं. टक. उजवीकडचं सगळं झालं, डावीकडचं वरचंही झालं. मला जरा हायसं वाटलं.

एकतीस दाबलं. ठिणगी चमकली. बाहुली हलली नाही. टक झालं नाही.

बत्तीस. काही नाही. तेहतीस. चौतीस. मी एकेक बटण दाबत होते आणि त्या शांततेत माझाच श्वास मला ऐकू येत होता. डॉक्टर निवांत बसले होते. त्यांना वाटत असणार, मी लिहायला वेळ घेतेय.

मी पाटी मांडीवर ठेवली. हात वर घेतले. आता मी काहीच दाबत नव्हते.

बाहुली आकसायला लागली. सावकाश. डॉक्टरांनी म्हटलं होतं तशी, सुईत दोरा ओवताना होते तशी.

दुर्बिणीत डोळ्याच्या काचेवर पांढऱ्या भांड्याचं प्रतिबिंब दिसतं, नाण्याएवढं. मधे एक काळा ठिपका. ते भोक, ज्याच्यामागे मी बसलेली असते. चार वर्षांत ते मी हजार वेळा पाहिलं होतं. आता त्या पांढऱ्या नाण्याची एक बाजू कमी होत होती. ग्रहण लागतं तशी. काहीतरी खालून, कडेनं, भांडं आणि डॉक्टर ह्यांच्यामधे येत होतं.

मी दुर्बीण बाजूला सारून भोकातून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा, पांढरं भांडं, हनुवटीची पट्टी. मधे काही नव्हतं. मी डॉक्टरांची भुवईसुद्धा नीट पाहिली.

पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. आता अर्धं नाणं काळं झालं होतं. त्या काळ्याला आकार होता. डोकं होतं ते. दोन्ही बाजूंना कान होते आणि मधे केस होते, खाली मानेपर्यंत सपाट. चेहरा नव्हता. मला आधी वाटलं, चेहराच नाही. मग कळलं, की डॉक्टरांच्या डोळ्यात त्याची पाठ दिसते आहे.

डॉक्टरांकडे त्याची पाठ होती. म्हणजे तोंड भोकाकडे होतं.

माझ्याकडे होतं.

७

मी मोठा दिवा कसा लावला ते आठवत नाही. डॉक्टर विचारत होते, "काय झालं? झालं का सगळं?"

"खालचे बल्ब गेलेत," मी म्हटलं. "पुन्हा कधीतरी करू."

त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली आणि एकतीसचं बटण दाबलं. मान वळवून सरळ बल्बाकडे पाहिलं. तो लागला होता. बत्तीस दाबलं. तोही लागला. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"गेलेले नाहीत," ते हळूच म्हणाले.

मी त्यांना बाकीचं सांगितलं नाही. वही मिटून पिशवीत टाकली. त्यांनी त्या दिवसानंतर एकाही मोतीबिंदूला हात लावला नाही. आठ दिवसांत दवाखान्याला कुलूप लावून ते पुण्याला भावाकडे गेले. किल्ली माझ्याकडे ठेवली. मी आठवड्यातून एकदा जाऊन पुढच्या दोन खोल्या झाडायची. मागची उघडत नसे.

जुलैत त्यांचं पत्र आलं. पुण्यात मोठ्या इस्पितळात, चांगल्या यंत्रावर दोनदा तपासणी झाली होती. नजरेचा घेर पूर्ण होता, कुठंही खोट नव्हती. 'आपल्या कागदी भांड्याचाच दोष असणार. फुकट धसका घेतला,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'गणपतीनंतर येतो.' पत्र वाचून मला खरंच आनंद झाला. मी ते आईला वाचून दाखवलं.

त्याच महिन्यात मी कामानिमित्त पालीला गेले होते. परतताना हातखंब्याला गाडी बदलायला उतरले आणि तिठ्यावर उभी राहिले. जरा वेळानं कुणीतरी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. राही होती. तिचा चेहरा भरला होता, केसांत अबोली होती.

"काय गो ताई, वलखलाव नाय काय? किती हाका मारल्या. तुमच्या बाजूलाच उभी व्हते."

"लक्ष नव्हतं माझं. कसे आहेत लवू?"

"बरे झाले!" ती हसली. "तुमच्या दवाखान्यातून आले ना, त्या दिवसापासून. मुंबईच्या डॉक्टरान पन सांगितलान, काय एक नाय. आता गाडी घेऊन जातात. आनि मी…" ती लाजली. "आता बरा हाय सगला."

मी तिचे हात धरले. बोलता बोलता विचारलं, "कुठल्या बाजूला उभ्या होतात?"

"हितं," ती म्हणाली, आणि माझ्या डाव्या बाजूला बोट दाखवलं.

मी बघितलं. मान वळवल्यावर तिथली पानाची टपरी दिसली, तिच्यासमोरचा बाक दिसला, बाकावरचे दोन म्हातारे दिसले. मान सरळ केली आणि नजर समोर ठेवली. ते सगळं गेलं. अंधार झाला असं नव्हे. तिथं काही नव्हतंच, आपल्या पाठीमागे काही दिसत नसतं तसं.

मी नियम मांडत नाही. शुक्रवारी लवूच्या डोळ्यात मीच बघितलं होतं, तेव्हा मला काही झालं नाही. सोमवारी डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांना झालं, लवू सुटला. बुधवारी मी डॉक्टरांच्या डोळ्यात बघितलं. शुक्रवारी ते अजून लांब होतं, असं एक उत्तर मला सुचतं. मी ते डोक्यातून काढून टाकते आणि ते परत येतं.

८

डॉक्टर सप्टेंबरात आले. बारीक झाले होते, पण खूश होते. दवाखाना उघडला, चुना मारला, पेशंट यायला लागले. तिसऱ्या दिवशी औषधांचा ट्रे नेताना मी दाराच्या चौकटीवर आपटले. डावा खांदा. त्याच्या आदल्या दिवशीही आपटले होते.

"विमल," डॉक्टर म्हणाले, "आत चल."

"काही नाही, डॉक्टर. घाईत होते."

"दहा मिनिटांचं काम आहे. चल."

त्यांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी पट्टीवर हनुवटी टेकली. चार वर्षं त्या खोलीत काम केलं, पण ह्या बाजूला मी कधी बसले नव्हते. भांडं आतून फार मोठं वाटतं. सगळीकडे पांढरं. डोकं आत गेलं की बाहेरचे आवाजही बारीक होतात. डॉक्टर पलीकडे गेले, त्यांची खुर्ची करकरली.

मला काही दिसत नव्हतं. मला हे सांगितलंच पाहिजे. समोर पांढरं होतं आणि मधे काळं भोक. पण माझे डोळे दुखायला लागले होते, फार जवळचं वाचल्यावर दुखतात तसे. मी भोकाकडे बघत होते आणि डोळे माझं ऐकत नव्हते. ते आत वळत होते.

भोकात काहीतरी हललं. डॉक्टर दुर्बिणीला डोळा लावायला वाकत होते.

हनुवटी तशीच ठेवली असती तर मी सुटले असते. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. अगदी स्पष्ट आला. त्यांनी फक्त एकदा बघायचं होतं. त्यांना माझी काळजी होती, ते आपणहून बघत होते.

मी दोन्ही हातांनी भांडं ढकललं. ते दुर्बिणीसकट टेबलावरून पलीकडे गेलं आणि जमिनीवर उभं चिरलं. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले.

"विमल! वेड लागलं का तुला?"

"नका बघू, डॉक्टर."

"काय नको बघू?"

मी उभी राहिले होते. मंद दिव्यात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "तू त्या दिवशी माझ्या डोळ्यात काय पाहिलं होतंस?"

"पाठमोरं होतं," मी म्हटलं.

डॉक्टर हुशार होते. आयुष्यभर त्यांनी डोळ्यातली प्रतिबिंबंच बघितली होती. त्यांना हिशेब करायला फार वेळ लागला नाही. ते दोन पावलं मागे सरले. पण माझ्यापासून नव्हे. माझ्या डाव्या बाजूपासून, भिंतीला चिकटून, दाराकडे. दारात जाऊन त्यांनी मोठा दिवा लावला आणि तिथंच उभे राहिले. मी पिशवी घेतली आणि त्यांच्यासमोरून बाहेर पडले. त्यांनी अंग चोरलं. मला हाक मारली नाही. मी परत तिथं गेले नाही. डॉक्टरांनी पुढं पुष्कळ वर्षं चांगलं काम केलं, जिल्ह्याभरातून माणसं त्यांच्याकडे यायची.

९

दुसऱ्या वर्षी माझी धाकटी बहीण मैना बाळंतपणाला मिरजोळ्याला आली. मुलगी झाली. मी तिला तीन महिने हात लावला नाही. आधी मैनेला वाटलं मला घाण वाटते, मग वाटलं माझं लग्न ठरत नाही म्हणून मला वाईट वाटतं. आई एकदा माझ्यावर ओरडली. मी काय सांगणार?

एका सकाळी आई आंघोळीला गेली होती. मैनेनं काही न विचारता पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि चुलीवरचं दूध बघायला गेली. "पाच मिनिटं धर गो," म्हणाली. "खात नाय ती तुला."

मी पोरीला तोंड बाहेरच्या बाजूला करून धरलं. ती वळवळली. लहान मुलांना चेहरा हवा असतो. शेवटी तिनं मान फिरवलीच. मी डोळे मिटून घेतले. जरा वेळानं, ती अगदी गप्प झाली म्हणून, उघडले.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कानाच्या बाजूला, डावीकडे बघत होती, आणि फार लक्ष लावून. तिचे दोन्ही डोळे आत वळले होते. त्या बारीक काळ्या बाहुल्या सावकाश, अगदी सावकाश लहान होत होत्या.

मी तिला उचलून मैनेच्या हातात कोंबलं. दूध उतू गेलं, मैना दचकली. "काय झाला गो?"

"तिच्या डोळ्यांवर उजेड येतोय," मी म्हटलं.

मैनेनं स्वयंपाकघराच्या दारातून माजघरात पाहिलं. थंडीचे दिवस होते. दोन्ही खिडक्या बंद होत्या.

"खंयचा उजेड?" ती म्हणाली.